कपाटातली बुटकी

१४ ऑक्टोबर

ती. दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसच जिन्यात लंगडताना दिसला की लोक हसतात, म्हणून दुखत नाही असं दाखवतो.

सहा वर्षांनी लिहितोय. फोनच करणार होतो. दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला. तू उचलल्या उचलल्या "हं, बोल" म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच संपतं.

आमच्या घरात ऊन येत नाही हे तुला ठाऊक आहे. खिडकीसमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. तरी आमच्याकडे टोमॅटो आहेत. झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. हसू नकोस. आधी ऐक.

डावीकडच्या फळ्या काढल्या. वेफर्सची रिकामी पाकिटं उलटी करून, चकचकीत बाजू वर ठेवून, आतून चिकटवली. दाराचा आरसा काढून आतल्या अंगाला लावला. उजेड फुकट जायला नको. ही म्हणते, "सहा वर्षं मी केस विंचरायला टोमॅटोंकडे जाते." बी अंड्यांच्या ट्रेमध्ये रुजवतो, मग तेलाचे कॅन अर्धे कापून त्यांत लावतो. माती पिठाच्या जुन्या चाळणीने चाळलेली. कोपऱ्यात एका मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा फिरतो. वारा लागला की खोड जाड होतं, हे तूच सांगितलं होतंस. खाली पाण्याचं घमेलं, त्यातून कापडाच्या वाती कॅनच्या भोकांतून वर मातीत गेलेल्या. झाड हवं तेवढं पाणी ओढून घेतं. मी पाणी घालतच नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय.

फुलं आली की मधमाशी कुठून आणायची? दाढीचं जुनं मशीन चालू करून देठाला टेकवतो. थरथरलं की पराग झडतो. शेजारीण हिला विचारत होती, "तुमचे हे दुपारच्याला पण दाढी करतात?" ही म्हणाली, "हो, फार वाढते."

दिव्याचं मात्र माझं डोकं. दोन एलईडी पट्ट्या एका फळकुटावर, फळकूट दोरीला, दोरी चाकावरून मागे आणि टोकाला पाण्याची बाटली. बाटलीतलं पाणी दिव्याच्या वजनाला जुळवलं की दिवा बोटाने खाली-वर सरकवावा तिथेच थांबतो. लिफ्टला मागे वजन असतं ना, तेच. फक्त बटण नाही. झाड वाढेल तसा दिवा वर जायचा.

बटणावरून तुला आठवलं असेल. मलाही रोज आठवतं.

१६ ऑक्टोबर

परवा एवढ्यावर उठलो. आज हिने पत्र वाचलं. म्हणाली, "कपाट छान लिहिलंय. पण कपाटात काय आहे ते कुठे लिहिलंय?"

लिहितो.

वहिनीच्या ऑपरेशनसाठी तुम्ही बावीस दिवस परगावी होतात आणि नर्सरी माझ्यावर सोपवली होती. सकाळी पाणी, दुपारी सावलीची जाळी, संध्याकाळी नुसतं बघायचं, असं तू गेटवर तीन-तीनदा सांगितलंस. तू परत आलास तेव्हा ट्रेच्या ट्रे रोपं आडवी लोळली होती. तुझी बुटकी पण. अकरा वर्षं दरवेळी सगळ्यांत ठेंगण्या झाडाचं बी धरून तू ती केली होतीस. गुडघ्याएवढं झाड, भोपळ्यासारख्या घड्या पडलेला टोमॅटो. लोक लांबून नाव घेऊन यायचे. मी म्हणालो, पाणी जास्त झालं असेल. तू गडीमाणसांसमोर म्हणालास, "लिफ्टचं बटण दाबलं की माणूस वर जातो. रोप तसं वर येत नाही. तुझ्या हाताला माती लागायचीच नाही." आणि ट्रे उचलून एकेक करून खताच्या ढिगावर उपडे केलेस.

पाणी जास्त झालं नव्हतं, दादा. शेवटचे चार दिवस मी गेलोच नव्हतो. जाताना पावसाची चिन्हं होती म्हणून रोपांवरचं प्लास्टिक चारी बाजूंनी बंद केलं, आणि गडीमाणसं सुट्टीवर, त्यामुळे ते उघडायला कोणी नव्हतं. आत सगळं उबून गेलं. पाण्याचं मी खोटं सांगितलं.

तू तिकडे हात धुवायला गेलास तेव्हा मी ढिगापाशी गेलो. प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, तिथल्या बुटकीच्या ट्रेमधली चार रोपं जिवंत होती. तू रागात बघितलंच नाहीस. जेवणाच्या डब्यात ओली माती घालून ती घरी आणली. तू त्या वर्षी सगळं बी एकदम पेरून बसला होतास, हे वहिनीकडून हिला नंतर कळलं. म्हणजे तुझ्याकडे दाणासुद्धा उरला नव्हता.

म्हणजे कपाटात बुटकी आहे. निदान मला तसं वाटतं. हे वाटणंच तर सहा वर्षं मला गप्प ठेवून आहे.

पहिल्या वर्षी दोन झाडं मेली, दोन जगली. सात टोमॅटो आले. त्यांचं बी धरलं. दुसऱ्या खेपेला झाडं ताडमाड वाढली, कपाटाच्या छताला टेकली. मला वाटलं, जात बिघडली. असली लंबूटांगी घेऊन तुझ्यापुढे कोणत्या तोंडानं येऊ? म्हटलं, एक वर्ष थांबू. मग आणखी एक. बी जातीचंच राहिलं असणार, कारण चुकूनसुद्धा एखादी मधमाशी आमच्या कपाटात येत नाही. कमी होता तो उजेड. दिवा लांब होता, झाडं त्याच्यामागे पळत होती. हे मला समजायला पाच वर्षं लागली. बाटलीची युक्ती या वर्षीची. दिवा डोक्याजवळ आणला आणि झाडं गुडघ्याएवढ्यावर थांबली. घड्या पडलेली फळं आली आहेत.

पण चव? तुझी बुटकी मी आयुष्यात दोनदा खाल्ली असेल, तीही घाईत, मिठाशिवाय. मला आठवत नाही. ती चव या जगात एकट्या तुला ओळखता येते.

१७ ऑक्टोबर

पुन्हा वाचून झालं हिचं. पत्राचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि "गेलोच नव्हतो" या शब्दांवर बोट ठेवून उभी राहिली.

त्या चार दिवसांत मी दवाखान्यात होतो. हिला पाचवा महिना होता. तुम्हाला आम्ही सांगितलेलं नव्हतं, कारण आधी एकदा असंच झालं होतं आणि या वेळी सगळं नीट पार पडलं की सांगायचं ठरवलं होतं. राहिलं नाही. मुलगी होती.

त्या वेळी का बोललो नाही? वहिनीचे टाके ओले होते. तिला कळलं असतं तर ती तशीच उठून आली असती. दोन दिवसांनी सांगू म्हटलं. मग तू गडीमाणसांसमोर ते बोललास. त्यानंतर सांगितलं असतं तर ती सबब झाली असती. मला मुलीची सबब करायची नव्हती.

कपाटाची डावी बाजू त्या लहान कपड्यांसाठी रिकामी केलेली होती. चार रोपं घेऊन आलो तेव्हा ही खाटेवर बसून होती. डबा बघितला, उठली, एक फळी मोकळी केली आणि म्हणाली, "इथे ठेवा. इथे काही नाहीये आता." वातींसाठी मी पायजम्याची नाडी घेतली होती, ती पाणी ओढेना. तेव्हा हिने आतून दुपटं आणलं आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायला बसली. मी नको म्हणालो. "सुती आहे," ती म्हणाली, "चांगलं ओढेल." सहा वर्षं त्याच पट्ट्या आहेत. एकही बदललेली नाही.

आता हे सगळं का? गेल्या आठवड्यात वहिनीने हिला फोनवर सांगितलं, महिनाअखेर तू नर्सरी बंद करतोयस. "बुटकी गेली तेव्हाच ह्यांचं मन उठलं," म्हणाली. हिने मला ते फोनवर सांगितलं तेव्हा मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, तिथेच पाच मिनिटं बसून राहिलो. वरून रखवालदार ओरडत होता, "अहो मिस्त्री, अडकलात का?"

तेव्हा रविवारी ये. तीन टोमॅटो लाल व्हायला आले आहेत. मी तोडत नाही, तू तोड. खाऊन बघ. नसेल तर तोंडावर सांग की ही बुटकी नाही, मी ऐकून घेईन, पूर्वीही घेतलं आहे. असेल तर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत बी आहे, मागच्या पाचही वर्षांचं, चिठ्ठ्या लावून. घेऊन जा आणि उन्हात पेर. तिने अजून ऊन बघितलेलं नाही.

हिचा निरोप: भाऊजींना म्हणावं, सगळी झाडं घेऊन जा, मला माझा आरसा मोकळा हवाय. वाती मात्र इथेच राहतील.

वहिनीला हे पत्र तूच वाचून दाखव. मला जमणार नाही.

जिना चढू नकोस. आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असते, ती मी बघतो.

तुझा,
हाताला माती लागलेला
धाकटा