पॅनल क्रमांक पाचचे झाकण रंगवू नये

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
वीजतंत्र प्रशिक्षण केंद्र, कर्वेनगर, पुणे.

विषय : १७ मार्चच्या तपासणी व चाचणी प्रात्यक्षिकात पॅनल क्र. ५ मलाच मिळण्याबाबत.
संदर्भ : ५ मार्चच्या सराव परीक्षेतील माझा 'अनुत्तीर्ण' शेरा.

महोदया,

सराव परीक्षेत पॅनल क्र. ५ वर मी पहिलाच रकाना, 'पुरवठा बंद असल्याची खात्री केली', कोरा ठेवला. चाळीस मिनिटे त्यातच सरली. निदेशक आमोद सर म्हणाले, "अगं, चौदा जणांनी इथे सही केली. तुझ्याच वेळेला यात भूत शिरलं का?" सगळे हसले. मला 'नाही' म्हणता आले नाही.

हे पॅनल केंद्राने भंगारातून आणले आहे. मूळचे ते विश्रांतवाडीच्या एका सोसायटीतील मीटररूमचे. झाकणाच्या आत 'पंप, जिना, गच्ची' असे लिहिले असून गच्चीपुढे इवलासा पतंग काढला आहे. ते अक्षर माझा थोरला भाऊ भैरू याचे. दोन वर्षांपूर्वी याच पॅनलला त्याने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. लाइन बंद समजून त्याने हात घातला. लाइन चालू होती. बंद पडला होता तो टेस्टर.

आधी चालू पॉइंटवर टेस्टर पाहायचा, मग लाइन, मग पुन्हा टेस्टर, हे आपल्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. दादाला कोणी शिकवले नाही. मी तिन्ही वेळा पाहते. पण लिहायला पेन टेकवले की मागून दादा विचारतो, "टेस्टर बघितलास का गं, तनू?" बघितला, दादा. पुन्हा पेन टेकवते, पुन्हा तेच. जिवंतपणी तो एवढे विचारत नसे; आता विचारल्यावाचून राहत नाही.

सर म्हणतात, झाकणाला रंग मारू, तुला दुसरे पॅनल देऊ. त्यांची माया कळते, पण कृपया तसे करू नये. दुसऱ्या पॅनलवर मी पास होईनही. मग दादाला उत्तर कोण देणार? १७ तारखेला मला तेच द्यावे. रकाना मी भरीन.

पोलिसांनी परत दिलेला त्याचा टेस्टर सोबत जोडला आहे. तो पॅनल पाचच्या कडीला सुतळीने बांधावा. प्रत्येकाने आधी तो चालू पॉइंटवर लावून पाहावा, नंतर आपापला. म्हणजे दादाला दर वेळी मागे उभे राहावे लागणार नाही.

आपल्या होकाराकडे डोळे लावलेली,
(सही)
तनुजा गेनबा शेलार
परीक्षार्थी क्र. १५
दि. ९ मार्च २०२६

सोबत :
१) सराव परीक्षेची उत्तरपत्रिका (रकाना १ कोरा)
२) टेस्टर, नग एक (लागत नाही)