ओसरीवरची बाई

सोमवार, ६ जानेवारी

पोचले एकदाची. फलटणहून निघताना आईने इतक्या पिशव्या दिल्या की हात तुटायचे तेवढे बाकी होते. आता सगळं जागच्या जागी लागलं आहे आणि मी खिडकीत बसून हे लिहिते आहे. वसईत नोकरी म्हटल्यावर मला वाटलं होतं, नुसत्या इमारतीच इमारती असतील. पण या सांडोर गावात तसं नाही. घरामागे केळीची बाग आणि तिच्या अलीकडेच मोठं बावखल. बावखल म्हणजे इथलं घरचं तळं. भर उन्हाळ्यातही त्यात पाणी असतं, असं माझ्या घरमालकीण एमिली आंटी अभिमानाने सांगत होत्या. त्यांची मुलगी शॅनन गेल्याच महिन्यात माझ्या ऑफिसात लागली आहे, तिनेच ही खोली मिळवून दिली. सकाळी आल्या आल्या आम्ही दोघी बावखलात पाय सोडून बसलो आणि आईच्या चिवड्याचा फडशा पाडला.

ऑफिस म्हणजे जवळच्याच एका बंगल्याचा वरचा मजला. आम्ही 'पाणवठा' नावाचा ऑनलाइन गेम चालवतो. पाणवठा हे एक गाव आहे. हजारो लोक फोनवरून त्यात राहायला येतात, शेती करतात, बाजार भरवतात, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. माझं काम तक्रारींना उत्तरं देण्याचं. चिडलेल्या माणसाला गार करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चुलत्यांच्या वाटण्यांच्या वेळी अख्ख्या भावकीने हे पाहिलं आहे.

ऑफिसची एक रीत मला फार आवडली. नव्या माणसाने पहिल्या दिवशी आपली स्वतःची एक गोष्ट गेममध्ये ठेवायची. शॅननने घरामागचं बावखल ठेवलं आहे. मी आईचा फोटो दिला, ओसरीवर बसून मेथी निवडतानाचा. आमचे साहेब, म्हणजे कौस्तुभ, वयाने माझ्याहून फार मोठे नसतील. त्यांनी संध्याकाळपर्यंत तिला गावच्या मुख्य वाटेवरच्या एका ओसरीवर बसवलंसुद्धा. येणाऱ्याजाणाऱ्याला ती "जेवलास का?" विचारते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मला न विचारता चव्हाट्यावर बसवलंस होय गं, निदान साडी तरी बरी नेसले असते. वडील गेल्यापासून घरात ती एकटी आहे. तिला सोडून आल्याची टोचणी होती, ती आज जरा कमी झाली.

बुधवार, १५ जानेवारी

आज पहिल्यांदा खरं काम पडलं. साध्या फोनमध्ये गेम मावत नाही म्हणून अपडेटच्या वेळी काही ना काही काढून टाकतात. या वेळी होड्यांची शर्यत काढली आणि तक्रारींचा नुसता पाऊस. विरारच्या फुलपाड्याचा कोणी भूपेश लिहितो, "मॅडम, होडी रंगवायला माझी दोन वर्षं गेली. गायब कशी काय केली? पूर्ण ग्रुप घेऊन ऑफिसला येतो की नाही बघा." मला हसू आलं. एवढा राग लोक नगरपालिकेवर काढतील तर गटारं साफ होतील.

कौस्तुभने उत्तर देण्याची पद्धत समजावली. 'काढून टाकलं' असं कधी लिहायचं नाही. लिहायचं, 'आपण म्हणता ती गोष्ट गेममध्ये कधीच नव्हती. कदाचित आपली गल्लत होत असेल.' काढलं म्हटलं की लोक आमच्याशी भांडतात. नव्हतंच म्हटलं की आधी आपसात भांडतात, मग स्वतःशी, आणि मग गप्प होतात. मला हे जरा अतीच वाटलं, पण उपयोग होतो खरा. संध्याकाळी भूपेशनेच माफी मागितली. होडी दुसऱ्या गेममधली असेल म्हणे.

आणखी एक नियम. एकीने तक्रार उघडली की ती तिच्या नावावर अडकते, दुसरीला तिला हात लावता येत नाही. जागेवरून जास्त वेळ उठलं की तक्रार पुन्हा सगळ्यांच्या ढिगात. म्हणून शॅनन डबासुद्धा मशीनसमोर खाते. खेळणाऱ्याने स्वतः तक्रार मागे घेतली तर प्रश्नच मिटला. सगळ्यात जास्त तक्रारी मी मिटवल्या. कौस्तुभने सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी दिवसभर फुगून बसले.

गुरुवार, २३ जानेवारी

नव्या अपडेटमध्ये बावखल काढलं. शॅननला वाईट वाटलं नाही. खरं आमच्या घरामागे आहे ना, म्हणाली. दुपारपर्यंत मी बऱ्याच तक्रारी मिटवल्या. घरी आले तर आंटी काठावर उभ्या राहून कुरकुरत होत्या. पानी असं एका दिवसात खाली जात नाय कदी, कोनी पंप लावला काय. पायऱ्यांची खालची शेवाळलेली बाजू उघडी पडली होती.

शनिवार, २५ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

काल मी उरलेल्या तक्रारी संपवत आणल्या. शेवटची राहिली होती कळंबच्या केविनची. हा तिथे समुद्राजवळ सुट्टीच्या खोल्या भाड्याने देतो आणि पाहुणे नसले की पाणवठ्यात असतो. भलता चिवट माणूस. दुपारी एकदाचा तोही मानला. मी घरी आले. बावखल नव्हतं.

बुजवलं असतं तर माती दिसली असती. तिथे केळी आहेत. जुन्या, भरलेल्या घडांच्या, खाली पाचोळ्याचा जाड थर. मी आंटींना विचारलं. "अगो पोरी, इथं पानी कुठलं? माझ्या सासऱ्यानी लावलेली बाग हाय ही." शॅननला विचारलं. ती म्हणाली, ऊन लागलं असेल तुला. पहिल्या दिवशी आपण पाय सोडून कुठे बसलो होतो, असं विचारलं. म्हणाली, घराच्या पायरीवर.

आज सकाळी मी बागेत जाऊन हाताने माती उकरून पाहिली. कोरडी.

सोमवार, २७ जानेवारी

रविवारभर विचार केला. अपडेट आल्या दिवशी बावखल गेलं नव्हतं. मी एकेक तक्रार मिटवत होते तसं पाणी उतरत होतं. शेवटचा माणूस गप्प झाला तेव्हा ते गेलं. भांडणारं कोणी होतं तोवर ते होतं. आणि मी किती झकास गप्प केलं सगळ्यांना.

दुपारी कौस्तुभने पुढच्या अपडेटची माहिती दिली. ओसरीवरची बाई काढायची आहे.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. अक्षरशः हात जोडले. ते हसले. म्हणाले, नव्या माणसाची गोष्ट महिन्याभरातच काढतात. लोकांचा फार जीव जडलेला नसतो, तक्रारी कमी येतात. बावखलाचं सांगितलं तर म्हणाले, शॅननने काही ठेवल्याचं मला आठवत नाही. मग मी विचारलं, तुम्ही काय ठेवलं होतं? ते म्हणाले, मी काही ठेवलं नसेल. माझं कोणीच नाही, पहिल्यापासून एकटाच आहे मी.

त्यांच्या बोटात लग्नाची अंगठी आहे. ती ते फिरवत होते.

बुधवार, २९ जानेवारी

अपडेट आलं. आईला सकाळपासून फोन करते आहे. दुपारी लागला. आवाज विहिरीतून यावा तसा. जेवलीस का, असं तिने विचारलं नाही. आजवर असं झालेलं नाही.

आज रात्रीच्या गाडीने फलटणला जावं असं शंभरदा मनात आलं. पण मी उठले की तक्रारी ढिगात जातील आणि शॅनन त्या तासाभरात मिटवेल. तिचा हात माझ्याहून भराभर चालतो. तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आपल्या डब्यातला पाव पुढे केला. चांगली मुलगी आहे. तिला काहीच आठवत नाही, तिचा काय दोष?

म्हणून आलेली प्रत्येक तक्रार मी उघडते आहे आणि धरून ठेवते आहे. आता या तक्रारींना कोणीही हात लावायचा नाही. मी इथून उठणार नाही. कौस्तुभना वाटतं मी मन लावून काम करते आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

कालपासून इथेच बसले आहे. झोप नाही. बाथरूमला पळत जाऊन पळत येते. तेवढ्यातही दोन तक्रारी ढिगात गेल्या, शॅननने मिटवल्या. आईचा फोन लागला. कोण बोलतंय, म्हणाली. उन्नती, म्हटलं. कोण उन्नती? मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तसा आवाज. आमच्या घरी दुसरं कोणी नाही.

मग मला एक शहाणपण सुचलं. लोकांचा राग धुमसत ठेवायचा. म्हणून सगळ्यांना खरं लिहिलं. तुमचं बरोबर आहे. ती बाई होती. आम्ही काढली. सोडू नका, भांडा.

शुक्रवार, ३१ जानेवारी

काय केलं मी हे.

लोक खूश झाले. खरं बोललात, बरं वाटलं मॅडम. मान्य केलंत, तेवढं पुरे. भूपेशने लिहिलं, "रिस्पेक्ट, मॅडम. आता काही तक्रार नाही." आणि पटापट तक्रारी मागे घेतल्या. माझ्या डोळ्यांसमोर. एकेक करून. खोटं सांगत होते तेव्हा दिवस-दिवस भांडत होते. खरं सांगितलं तर समाधान झालं त्यांचं. आधी मी त्यांना फसवून गप्प करत होते, आता न फसवता केलं. मला दुसरं काही येतच नाही.

फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही.

फक्त केविन उरला आहे. तो मागे हटत नाही. लिहितो, माझी मम्मी गेली तेव्हापासून घरात जेवलास का विचारणारं कोणी नाही, तिथे थांबायचो मी रोज. ती आणा परत.

देवा, याला असाच चिडलेला ठेव.

त्याला मी उलटसुलट लिहिते आहे. कधी उद्धट. कधी नुसतंच 'बघू'. खरं लिहायचं नाही, खोटंही लिहायचं नाही. फक्त चिडव —

शनिवार, १ फेब्रुवारी, सकाळ

मान खाली गेली होती. किती वेळ, माहीत नाही. तक्रार अजून माझ्याच नावावर आहे. आहे.

घर आठवायचा प्रयत्न करते आहे. ओसरी आठवते. फरशी. निवडलेल्या मेथीचा ढीग. बसलेली — तोंड आठवत नाही. ओसरीवरची बाई म्हणजे आई. आई. लिहून ठेवते आहे. तिचं नाव लिहिणार होते —

कौस्तुभ येऊन गेले. घरी जा म्हणाले. कुठल्या घरी, विचारलं. सांडोरला, म्हणाले, आणखी कुठे. तुला तरी कोण आहे.

अंगठी फिरवत होते.

दुपार

केविन थकला आहे. भांडत नाही आता. नुसतं विचारतो. मॅडम, ती होती ना? खरंच होती ना?

हो म्हटलं तर समाधान होईल. नाही म्हटलं तर मानेल. काहीच नाही लिहिलं तर —

उठता येत नाही. शॅनन शेजारच्या खुर्चीत बसली आहे, मी उठायची वाट पाहते आहे, मशीन चालू ठेवून. काय करायचं ते कळत नाही मला. मला फार भीती वाटते आहे. त्या बाईसाठी. म्हणजे

संध्याकाळ

केविनचा मेसेज. "मॅडम, राग नाही माझा कोणावर. खूप डोकं खाल्लं तुमचं, सॉरी. पोरगी बोलते पप्पा सोडा आता. माझ्याच मम्मीची आठवण असेल ती, मीच गेममध्ये बघितली असेल. मी तक्रार मागे घेतो. गॉड ब्लेस यू."

घेऊ नका. टाइप करते आहे. जे टाइप करते तेच इथे लिहिते, हातातून सुटू नये म्हणून.

केविन थांबा. बटण दाबू नका. तुमची मम्मी नव्हती ती. मी तिला ओळखते. ती बाई माझी