धोतराखालचं साखरबीट

गंगापूर रोड, नाशिक
११ मार्च १९७९

तीर्थरूप भाऊजींस,

नमस्कार करते, पण आज मान खाली घालून नाही.

साखरबीट पिवळं पडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चांगुणेचा विटाळ लागला," आणि बौद्धवाड्यातल्या त्या बाईला खुरपणीवरून काढलंत. मी पानं उलटून पाहिली, तर खाली मावा चिकटलेला. हे म्हणाले, "किडा दाखवून दादा ऐकतील होय?" म्हणून मी नवं बी लावलं, दोन सऱ्या माव्यापासून वाचवायला तुमच्या जुन्या धोतरांनी झाकल्या आणि गुपचूप चांगुणेच्याच हाती दिल्या. उघड्या सऱ्या मी स्वतः, आंघोळ करून, रामनाम घेत सांभाळल्या.

माझ्या पिवळ्या पडल्या. तिच्या हिरव्यागार आहेत.

चांगुणा हसून म्हणाली, "बाई, आता तुमचाच इटाळ लागला म्हनायचा का?"

काल तिनं उपटलेल्या बिटाचा नैवेद्य मी देव्हाऱ्यातल्या रामाला दाखवला. त्यानं तोंड फिरवलं नाही. उद्यापासून ती उघडपणे कामावर येणार आहे.

हे पत्र मी टाकत नाही. पुढच्या रविवारी तुम्ही जेवायला येणारच आहात. पाट मांडेन, तेच बीट वाढेन आणि ते कुणाच्या हातचं, हे तोंडावर सांगेन.

तुमची धाकटी भावजय,
कुमुदिनी