प्रयोगशाळेतील तक्त्यावर बाण उलटे काढले गेल्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
गैरप्रकार कक्ष, परीक्षा मंडळ,
दुसरा मजला.

विषय : दहावीच्या सदतीस विद्यार्थ्यांचे राखून ठेवलेले निकाल जाहीर करण्याबाबत, आणि झालेली चूक माझ्या नावे लिहून घेण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. २१८, दि. २ जून; स्मरणपत्र, दि. ११ जून, अंतिम स्मरणपत्र, दि. १९ जून. (तिन्ही माझ्या पत्नीच्या नावे.)

महोदय,

वरील तिन्ही पत्रे माझ्या पत्नीच्या नावे आली आहेत. ती बावीस वर्षे त्या सदतीस मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. ती ९ जानेवारीला वारली. मी तिचा नवरा, धंद्याने सुतार, शिक्षण सातवीपर्यंत. अर्जाची भाषा कमीजास्त झाली तर सांभाळून घ्यावे.

१. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की, उभ्या तारेतून विद्युतधारा खालून वर जात असताना तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवा, या प्रश्नाला शाळेच्या सदतीसच्या सदतीस मुलांनी बाण उलटे काढले. बरोबर उत्तर सगळ्यांचे एकसारखे येऊ शकते, पण चूक एकसारखी येत नाही. म्हणून ऐन परीक्षेत कोणीतरी उत्तर पुरवले असावे आणि संशय विषय शिक्षिकेवर आहे. परीक्षा मार्चमध्ये झाली.

२. पहिली नोटीस मिळताच मी मृत्यूचा दाखला घेऊन आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरील लिपिक माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. पण ते म्हणाले, "काका, नोटीस ज्यांच्या नावे, खुलासा त्यांचाच लागतो." मी म्हटले, ती हयात नाही. ते म्हणाले, "मग तसं त्यांनी लेखी कळवायला हवं होतं." बोलून गेल्यावर त्यांनाच कसेतरी झाले आणि त्यांनी मान खाली घातली. दाखल्याची प्रत मात्र ठेवून घेतली. दुसऱ्या खेपेला ती प्रत सापडेना, म्हणून दुसरी दिली. त्यानंतर आलेल्या अंतिम स्मरणपत्रात तिने सात दिवसांत समक्ष हजर राहावे, अन्यथा तिला काही म्हणायचे नाही असे समजण्यात येईल, असे लिहिले आहे. साहेब, ती हजर राहू शकत असती तर मी आपल्याकडे काहीच मागितले नसते.

३. तिच्यावरचा ठपका मी कदाचित गिळून गप्प बसलो असतो. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असे नातेवाईकही म्हणाले. पण आमच्या शेजारची मुलगी त्या सदतीस जणांत आहे. अकरावीचे प्रवेश ३० जूनला बंद होतात. मी दाराची बिजागरी बसवत होतो, तेव्हा ती वही घेऊन आली. म्हणाली, "काका, मी कॉपी केली नाही हो. हे बघा, बाईंच्या तक्त्यात आहे तसंच काढलंय. एक रेघ इकडची तिकडे नाही." मी वही पाहिली. हातात स्क्रू होता. तो हातातच राहिला.

४. हे नीट कळावे म्हणून थोडे मागचे सांगतो. दरवर्षी हा धडा आला की माझी पत्नी माझ्या पेटीतून अडीच इंची स्क्रू मागून न्यायची. स्क्रू पुढे सरकतो ती विद्युतधारेची दिशा, आणि त्यासाठी तो फिरवावा लागतो ती चुंबकीय क्षेत्राची दिशा, असे ती मुलांना दाखवायची. एकही स्क्रू कधी परत आला नाही. मी चिडवायचो, "तुझ्या शाळेपायी माझी पेटी रिकामी व्हायची वेळ आली." ती म्हणायची, "अहो, तुम्ही जे रोज करता तेच तर शिकवते मी. तुम्हाला माहीत नाही इतकंच."

५. डिसेंबरात ती अंथरुणाला खिळली. शाळेला बदली शिक्षक मिळाला नाही. धडा राहू नये म्हणून तिने मला प्लायवूडचा पांढरा तक्ता करायला लावला. तीन उशांना टेकून तिने त्यावर तार काढली, तारेभोवती वर्तुळे काढली, आणि 'विद्युतधारा', 'चुंबकीय क्षेत्र', 'उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम' ही अक्षरे स्वतः लिहिली. शेवटच्या ओळीपर्यंत हात कापू लागला. फक्त वर्तुळांवरचे बाण राहिले. म्हणाली, "बाण तुम्ही काढा. मूठ धरा, अंगठा वर. बोटं वळतील तिकडे बाण. आणि अहो, आधी पेन्सिल खाली ठेवा." एवढे बोलून तिचा डोळा लागला.

६. मी पेन्सिल खाली ठेवली नाही. सुतार आखणी चालू असताना पेन्सिल खाली ठेवत नाही. मला वाटले, मी दमलो असेन म्हणून ती म्हणते आहे. उजव्या हातात पेन्सिल होती, रिकामा हात डावा होता. मी त्याच हाताची मूठ धरली, अंगठा वर केला आणि बोटांकडे बघून चार बाण काढले. वर तेलरंग दिला, म्हणजे पुसले जायला नकोत. नियमाचे नाव तिच्या अक्षरात माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेले होते. त्यात 'उजव्या' हा शब्द होता. मी तो वाचलाही होता.

७. दुसऱ्या दिवशी ती झोपेत असतानाच तक्ता शाळेच्या प्रयोगशाळेत नेला आणि फळ्याच्या वर चार स्क्रूंनी पक्का केला. तिने तो पुरा झालेला कधीच पाहिला नाही. विज्ञानाचा तास चित्रकलेच्या सरांना दिला होता. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांनी मुलांकडून तो तक्ता दहादा काढून घेतला आणि बाणाचे टोक कसे रेखीव यायला हवे ते शिकवले. त्या सदतीस मुलांना कोणी काही पुरवले असेल तर ते मी पुरवले. डिसेंबरात, चार स्क्रू लावून.

८. मी आपल्यासारखा शिकलेला नाही, म्हणून खात्री करून घेतली. तिच्या कपाटात चुंबकसूची, बॅटरीचा सेल आणि तार होती. तार तापते, क्षणभरच जोडावी, असे तिने चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. पुठ्ठ्यातून तार उभी घातली, धारा खालून वर जावी म्हणून तिचे खालचे टोक सेलच्या अधिक बाजूला धरून क्षणभर जोडली. सुई वळली आणि माझ्या बाणाच्या बरोबर उलट तोंड करून उभी राहिली. पाच वेळा केले. मग स्क्रू टोक वर करून धरला. माझ्या बाणाप्रमाणे फिरवला तर तो वर चढत नाही, निघून येतो. चाळीस वर्षे मी स्क्रू पिळतो आहे, साहेब.

९. शेजारच्या मुलीला विचारले, नववीत बाई हे कसे शिकवायच्या? ती म्हणाली, "नववीत हा धडा नव्हता. पण मोठी ताई सांगते, बाई आधी सगळ्यांना पेन खाली ठेवायला लावायच्या. मुलं हसायची. मग म्हणायच्या, आता कुठला हात वर आला?" बावीस वर्षांत तिच्या हाताखालच्या एका वर्गाचाही बाण असा चुकला नाही. आपल्याकडे जुन्या उत्तरपत्रिका असतील तर पाहाव्यात. आपणही आत्ता सही करायला हातात पेन घेतले असेल. ते तसेच ठेवून, रिकाम्या हाताची मूठ धरून पाहावी. मग पेन खाली ठेवून पुन्हा धरावी. मी काय केले आणि मुलांनी काय गिरवले, ते समजायला दुसरी चौकशी लागणार नाही.

१०. तरी विनंती अशी की, मुलांचे त्या प्रश्नाचे गुण कापावेत, ते चुकलेच आहेत, पण निकाल ३० जूनपूर्वी द्यावा. पत्नीच्या नावापुढील संशयाचा शेरा काढून तेथे माझा धंदा आणि पत्ता लिहावा. मी समक्ष हजर राहीन, म्हणाल त्या दिवशी, म्हणाल तितका वेळ.

११. शेवटचे एक. अंतिम स्मरणपत्रात प्रयोगशाळेतील सगळे तक्ते उतरवून नष्ट करावेत असा आदेश आहे. हा तक्ता तरी नष्ट करू नये. त्यावरची अक्षरे तिची आहेत, बाण माझे आहेत. मला एक सकाळ प्रयोगशाळेत जाऊ द्यावे. बाण तेवढे मी खरवडून काढीन आणि नव्याने घालीन. पेन्सिल खाली ठेवून.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
मयत विज्ञान शिक्षिकेचा नवरा
दि. २१ जून

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, तिसरी प्रत.
२) शेजारच्या मुलीच्या वहीचे पान, तिच्या आईच्या संमतीने.
३) अडीच इंची स्क्रू, एक. कागदांना टोचू नये म्हणून चिंधीत गुंडाळला आहे. परत नको.