घुंडीचा चाकू

लातूर, ता. २ डिसेंबर १९९७

चि. व्यंकटीस,

आशीर्वाद खाली लिहीन, आधी हे वाच. माझ्या घरी भाऊबीज जेवून, माझाच चाकू नेऊन, नांदेडात तसलेच करून तुझ्या छापेनं विकून राहिलास? कावेरीबाईला दाखवतो, आठ दिवसांत धाडतो म्हणालास. महिना झाला.

माझ्या भारतच्या क्लासात किनवटची एक पोरगी हाय, खोली करून राहते. तिनं येताना तुझ्या दुकानातून चाकू घेतला. भारतनं तो घरी आणला. तीच पितळेची घुंडी, मुठीला तीच खाच, पात्यावर नाव मात्र व्यंकटी! माझ्या हातात पटकन उघडला, आन् माझं डोकं भडकलं.

भूकंपात तुळई उजव्या हातावर पडली तवापासून माझी बोटं मिटत न्हाईत. मिटता चाकू नखानं ओढून उघडायचा तर दोन हात लागतात. म्हणून मी पात्याला घुंडी काढली. मी खडूनं फरशीवर काढायची, भारतच्या वडलांनी भट्टीवर घडवायचं. सात मोडले, आठवा अंगठ्यानं उघडला. तो तू नेलास, आन् मी रोज कांद्यापायी जुना चाकू दातानं उघडून राहिले.

हे कोणत्या तोंडानं केलंस ते लिही. कावेरीबाईला नमस्कार. लोभ ठेवायचा का न्हाई ते तुझं उत्तर बघून.

अक्का

•

नांदेड, ता. ८ डिसेंबर १९९७

ती. साखराअक्कास व्यंकटीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून कावेरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेव्हा अर्धी शिक्षा झाली समज.

पण अक्का, चाकू काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतो? पात्याचा बाक तर आपल्या अप्पांचा. तो उचलताना तू तरी कुठं परवानगी काढलीस? भारत सरांच्या नोट्सची झेरॉक्स वाचून डॉक्टर होणार, मग तो चोर का? मी चांगली वस्तू चार लोकांपर्यंत नेली. माळेगावच्या जत्रेत याच चाकवाचं दुकान लावणार आहे, खोकी भरून माल तयार आहे.

एकच अडचण आहे. मिस्त्रीनं तुझा चाकू समोर ठेवून केसाचा फरक ठेवला नाही, तरी गिऱ्हाईक परत आणून देतं. घुंडी असून एका हातानं उघडत नाही म्हणतात. तुला तर झटक्यात उघडत होता. कोणतं तेल घालतेस? जत्रेआधी कळव.

रागासकट का होईना, लोभ असू द्यावा.

व्यंकटी

•

लातूर, ता. १३ डिसेंबर १९९७

चि. व्यंकटीस अनेक आशीर्वाद. ह्या बारीला मनापासून, कारण लई हसले. भारतचे वडील तर भाता सोडून बाहेर आले, काय झालं म्हणून.

अरे येड्या, तेल न्हाई. तू नेलास तो माझा स्वतःचा चाकू. माझा चालतो तो डावा हात, म्हणून घुंडी डाव्या अंगठ्याखाली. उजव्या हातात धरला की ती बोटांखाली जाते आन् अंगठा मोकळाच राहतो. क्लासच्या पोरांना विकते त्याला मी घुंडी पलीकडच्या अंगाला बसवते. तू माझा मोडका हातसुद्धा नकलून घेतलास, आन् नांदेडच्या धडधाकट माणसांना विकलास!

आता अप्पांचं. हाव, बाक त्यांचाच. पहिला चाकू त्यांच्याच हातात बघायला दिला, तवा म्हणाले होते, पातं माझं हाय पण घुंडी तुझी, पोरी. आजही गिऱ्हाइकाला मी सांगते, पातं उदगीरच्या अप्पांचं. तू कुणाचं नाव सांगतोस? आन् भारतच्या नोटांचं म्हणशील तर पहिल्या पानावर सरांचं नाव असतं. ते खोडून तो आपलं लिवत न्हाई.

मिस्त्रीला सांग, घुंडी ठोकून काढायची आन् दुसऱ्या अंगानं बसवायची. दोन दिवसांचं काम, माल वाया जात न्हाई. हे सांगू नको म्हणून भारत लई ओरडला. मामा अडलाय तवर त्याच्याकडून कबूल करून घे म्हणाला. मला तसलं कबूल नको. आता जत्रेला तुझं माझ्यावाचून अडत न्हाई, म्हणूनच आता विचारते. दर चाकवावर माझं नाव ठोकणार का न्हाई? तुझ्या नावाच्या वर, खाली न्हाई.

न्हाई म्हणालास तर मी माळेगावात तुझ्या दुकानासमोर पोतं टाकून बसणार, माझे चाकू मांडून. भाऊ म्हणून लाजणार न्हाई. माझा चाकू कावेरीबाईकडं दे, ती धाडील, तुझा भरवसा न्हाई.

शनिवार, वीस तारखेच्या आत माझ्या हातात उत्तर पायजे. खुशाली लिहू नको, तेलाचं विचारू नको. हाव का न्हाई, एवढंच लिही.

साखराबाई