माझ्यामागे भाषण नको

मी, कौशल्या नत्थुजी राखोंडे, वय वर्षे बहात्तर, निवृत्त प्राध्यापिका, जन्मगाव निंभारखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला, सध्या मुक्काम राजापेठ, अमरावती, हा कागद माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी मला धाकात घेतलेले नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. साखर थोडी वाढलेली आहे, बाकी प्रकृती ठीक आहे. बुद्धी जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन मात्र जानेवारीपासून शरमेत आहे. शरमेमुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असे माझ्या वकील ॲड. सीमा देशकर सांगतात, म्हणून पुढे लिहिते.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे घर विकून माझ्या नावाने वक्तृत्व प्रबोधिनी काढावी आणि फिरता चषक ठेवावा, असे म्हटले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. आता ते वाचताना कान गरम होतात. मी मेल्यावरही लोकांनी बोलत राहावे आणि माझे नाव घेत राहावे, एवढीच त्यातली इच्छा होती.

कलम २. पुढची कलमे समजण्यासाठी जानेवारीत काय झाले ते लिहिणे भाग आहे.

निंभारखेडचे हायस्कूल माझे आहे, म्हणजे मी तिथे शिकले. माझी आई पार्बताबाई हिवरखेडच्या बाजारात वांगी-मेथी विकायची. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा, तोच माझ्या गळ्यात उतरला. त्या आवाजावर मी चाळीस वर्षे सभा जिंकल्या. दारूबंदीच्या, हुंड्याच्या, सिंचनाच्या, कशाच्याही. यंदा शाळेने स्नेहसंमेलनाला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावले. कार्यक्रमाआधी चहा घेताना ऑफिसच्या कोपऱ्यात ग्रंथालयाचे कपाट दिसले. त्याला कुलूप होते. काचेतून आत पाहिले तर पुस्तकांची वाळवीने माती केली होती.

मला दुसरे काही दिसेना. माईक हातात आला आणि मी प्रभारी मुख्याध्यापिका पौर्णिमा सरप यांच्याकडे बोट करून, अख्ख्या गावासमोर म्हणाले, "ज्या हातांनी पुस्तकांना कुलूप लावले, त्या हातांत या लेकरांचे भविष्य सुरक्षित नाही!" टाळ्या थांबेनात. पौर्णिमाताई व्यासपीठाच्या कडेला उभ्या होत्या, कारण खुर्च्या पाहुण्यांना पुरल्या नव्हत्या. माझा भाचा श्याम याने ते मोबाइलवर टिपले, मागे संगीत घातले आणि सोडून दिले. आठवड्यात ते साऱ्या जिल्ह्यात फिरले.

कुलूप का होते, हे मी विचारले नव्हते. ते नंतर कळले. शाळा लहान, पट कमी, त्यामुळे ग्रंथपालाचे पद मिळत नाही. शिपाई निवृत्त झाला, ते पदही गेले; घंटा पौर्णिमाताई वाजवतात. मराठीच्या शिक्षकांची जागा दोन वर्षे रिकामी आहे, म्हणून विज्ञानाच्या पौर्णिमाताईच कविता शिकवतात. वेतनेतर अनुदान येते तेव्हा येते, आणि ते विजेच्या बिलालाही पुरत नाही. शाळेच्या प्रत्येक पुस्तकाची डेडस्टॉकात, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, नोंद असते. जो मुख्याध्यापक निवृत्त होतो त्याला एकेक पुस्तक मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावे लागते, नाही तर पेन्शन अडते. आधीच्या मुख्याध्यापकांनी म्हणून कपाट कधी उघडलेच नाही. पुस्तके सुरक्षित राहावीत म्हणून बंद ठेवली आणि ती आतल्या आत खाल्ली गेली. पौर्णिमाताईंनी ताबा घेतला तेव्हाच त्यांची माती झालेली होती. ती माती फेकायलाही वरून परवानगी लागते. ती त्यांनी तीनदा मागितली होती. परवानगी येईपर्यंत त्या मातीला कुलूप लावून सांभाळणे ही त्यांची नोकरी होती.

कलम ३. ही शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष श्रावणराव कोरडे यांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये, आणि माझ्या अंत्ययात्रेत त्यांना पहिल्या रांगेत उभे करू नये. माझ्या भाषणानंतर पंधरवड्यात त्यांनी पौर्णिमाताईंना कारणे दाखवा नोटीस दिली. त्या नोटिशीत माझे वाक्य जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत आहे. श्रावणरावांची फी घेणारी दुसरी शाळा तालुक्याच्या गावी आहे, तिची पिवळी बस मार्चपासून निंभारखेडच्या पारापर्यंत येऊ लागली. बसचा माणूस पालकांना माझे भाषण दाखवायचा. आठवी-नववीतली बरीच मुले गेली. आणखी थोडी गेली तर शिक्षकाचे पद कमी होईल, मग नववी-दहावीचे वर्ग बंद पडतील. मुलांचे काय, बस आहे. मुलींना मात्र कोणी फी भरून बाहेरगावी पाठवणार नाही, त्या घरी बसतील.

श्रावणरावांवर माझा राग आहे आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे. पण बंदूक त्यांना मी भरून दिली, हे लिहिल्याशिवाय राग लिहिणे अप्रामाणिक होईल.

कलम ४. राजापेठेतील माझे दुमजली घर. खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास चालतो. संध्याकाळी पन्नास स्कूटी दारात लागतात आणि फळ्यावर तीच प्रमेये लिहिली जातात, जी निंभारखेडला शिकवायला माणूस नाही. त्या भाड्यावर मी चार वर्षे जगले, आणि सभांतून शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध बोलले. दोन्ही एकाच आठवड्यात.

माझ्या पश्चात हे घर विकू नये. ॲड. सीमा देशकर यांनी व्यवस्था पाहावी. दोन्ही मजल्यांच्या भाड्यातून निंभारखेडच्या शाळेसाठी एक माणूस नेमावा, शक्यतो गावातलीच शिकलेली सून किंवा मुलगी. तिने कारकुनी करावी, ऑनलाइन माहिती भरावी, घंटा वाजवावी, म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवता येईल. पगार व्यवस्थापकांनी तिच्या खात्यात परस्पर जमा करावा. संस्थेच्या खात्यातून एक रुपयाही जाऊ नये. नववी-दहावी तोपर्यंत बंद पडली असेल, तर भाड्यातून गावातल्या मुलींना पुढे शिकायला सायकली घेऊन द्याव्यात, आणि हे घर का दिले ते त्यांना सांगावे.

कलम ५. माझी पुस्तके. पाच कपाटे आहेत, माळ्यावर आणखी आहेत. ती शाळेला देऊ नयेत. शाळेला दिली की डेडस्टॉकात जातील, आणि मग पुन्हा कोणा मुख्याध्यापकाची पेन्शन त्यांच्यात अडकेल. ती थेट मुलांना द्यावीत, ज्याला जे हवे ते. आतल्या पानावर मुलाचे नाव लिहावे, माझे लिहू नये. पुस्तक हरवले, फाटले, रद्दीत गेले किंवा त्याच्या पानावर कोणी भजी खाल्ली, तरी कोणीही जाब विचारू नये. न हरवता वीस वर्षे ठेवलेल्या पुस्तकांचे काय होते, ते मी काचेतून पाहिले आहे.

कलम ६. शाली. दोन पेट्या भरल्या आहेत. ज्या शाळांत नकाशा नव्हता त्यांनीही मला शाल दिली आणि मी ती खांद्यावर घेतली. निंभारखेडला पोषण आहार शिजवणाऱ्या बेबीताईंच्या ताब्यात दोन्ही पेट्या द्याव्यात. मी हे त्यांना आधीच सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्या तं नुसत्या चमकतेत, थंडी थोडीच जाते यानं. पातेल्यावर झाकाले होतीन." तसेच व्हावे.

कलम ७. माझा कॉलर माईक आणि स्पीकर विकून टाकावा. निंभारखेडला देऊ नये.

कलम ८. वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा माझा धाकटा भाऊ गोपाल याला. तो शेत कसतो आहेच. तो माझ्याशी सत्तर वर्षांत खोटे बोललेला नाही, म्हणूनही त्याला.

एप्रिलमध्ये मी निंभारखेडला माफी मागायला गेले होते. शाळेच्या त्याच मैदानावर, त्याच माईकवर. मी पौर्णिमाताईंचे नाव घेऊन माफी मागितली, रिकाम्या जागांविषयी बोलले, अनुदानाविषयी बोलले, सरकारला धारेवर धरले. लोक उभे राहिले. टाळ्या जानेवारीपेक्षा जास्त होत्या. उतरले तर माणसे पाया पडायला आली. "काय बोलल्या मॅडम!" म्हणाली. रात्री गोपालकडे जेवायला बसले. त्याने भाकरी मोडली.

"बाई, एक इचारू काय?"

"विचार ना."

"तू आज माफी मांगून राह्यली होती, का भाषण देऊन राह्यली होती?"

त्याची बायको लीलाबाई म्हणाली, "अवो, जेवू द्या ना त्याइले!"

"जेवू दे ना. मी कुठं ताट वढून राह्यलो? मी म्हनतो, टाळ्या पडल्या, बरं झालं. पोरगं एक तरी वापस येईन काय?"

एकही आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी बस भरून गेली. तिच्यात काल उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांची मुले होती.

कलम ९. श्यामने ते भाषण काढून टाकले आहे, पण लोकांच्या मोबाइलमध्ये ते राहणारच. त्याला माझा संगणक द्यावा. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने फक्त संगीत घातले होते.

कलम १०. माझी शोकसभा घेऊ नये. कोणी आग्रह केलाच तर लोकांनी बसावे, चहा घ्यावा आणि घरी जावे. माझ्यावर कोणी बोलू नये. चांगले तर मुळीच नको.

कलम ११. पौर्णिमा सरप यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. कारण लिहिते.

बँकेतली माझी ठेव त्यांच्या नावे करावी, असा माझा बेत होता. नोटिशीचे प्रकरण वर गेले आहे, त्यांची वेतनवाढ अडली आहे, आणि ते माझ्यामुळे. गेल्या रविवारी त्यांना इथे बोलावून कच्चा मसुदा वाचायला दिला. त्यात त्यांच्या स्तुतीचे एक पूर्ण पान होते. त्यांनी वाचले आणि पेन मागितला. स्तुतीच्या पानावर आडवी रेघ मारली. ठेवीच्या कलमावरही मारली.

"पौर्णिमाताई, हे तुमच्या हक्काचे आहे," मी म्हणाले.

"मॅडम, ह्याले पैसे घेऊन गप बसनं म्हनतेत गावात. तुमी मले तवा एक फोन केला असता, का पौर्णिमा, कुलूप कावून हाय, तं मी सांगतलं असतं. बस, तेवढंच पाह्यजे होतं मले."

मी रेघ मारलेली पाने मसुद्यातून काढून ठेवली.

"हा कागद लागू कवा होते?" त्यांनी विचारले.

"मी गेल्यावर."

"अन् शाळा उघडते तेवीस जूनले. तुमी वीस वर्सं जगल्या तं मी काय करू?" त्या हसल्या, पण थोडेच. "पोरं तुमच्या बोलन्यानं गेली. तुमीच आना. घरोघरी चला माह्यासंगं. माईक नाही, काही नाही. ओसरीवर बसाचं अन् त्याइच्या मायचं आयकाचं."

"आणि मी काय बोलू?"

"नका बोलू. अन् आनखीन एक. नववी-दहावीची मराठी घ्या. जागा भरेपर्यंत. पगार नाही भेटनार. खुर्चीचं पाहू."

"कविता शिकवू?"

"आदी शुद्धलेखन तपासा. मी भौतिकशास्त्रवाली हाओ, माह्याच चुका त्याइनं उचलल्या."

मी होकार दिला. हजारोंसमोर बोलणे मला जमते. कोणा बाईच्या ओसरीवर बसून, तिने माझ्याच भाषणामुळे लेकराला शाळेतून का काढले, ते मध्ये न बोलता ऐकायचे, हे मला जमेल की नाही, मला खरोखर ठाऊक नाही.

कलम १२. बँकेतली ठेव आता या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. सामान व्यवस्थापकांनी स्वतः विकत घ्यावे आणि जे फुटेल ते फुटू द्यावे.

कलम १३. जिवंतपणी करायचे काम मृत्युपत्रात बसत नाही, असे ॲड. सीमा म्हणतात. तरीही कलम ११ मधील माझा होकार येथे राहू द्यावा. हा कागद उघडला जाईल तेव्हा व्यवस्थापकांनी मिळकतीला हात लावण्याआधी निंभारखेडला जावे आणि तिथल्या आयांना विचारावे, की ही बाई आली होती का, आणि आली तेव्हा गप्प बसली होती का. त्या हो म्हणाल्या, तर वरचे सर्व मी प्रेमाने दिले असे समजावे. नाही म्हणाल्या, तरी सगळे तसेच द्यावे. फक्त ते दान म्हणून कुठे लिहू नये, दंड म्हणून लिहावे.

येणेप्रमाणे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या. या कागदाने दोघींनाही काही मिळत नाही.

सही: कौशल्या नत्थुजी राखोंडे

साक्षीदार
१. डॉ. आकांक्षा मानकर, राजापेठ, अमरावती
२. पौर्णिमा सरप, प्रभारी मुख्याध्यापिका, निंभारखेड. (सहीआधी कागद पूर्ण वाचला. माझ्या नावापुढचे 'धैर्यशील' मी खोडले आहे.)

ठिकाण: अमरावती
दिनांक: ९ जून २०२५