डाव्या हाताचे माप

सोमवार, ४ जानेवारी १९५४

नवी वही. हिच्यात केवळ सत्य आणि संकल्प लिहावयाचे.

आज सकाळी मिरियमचा गळा आवळण्याचा निश्चय केला. कारण असे की, ती फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला मावशीच्या कुटुंबाबरोबर कायमची इस्रायलला चालली आहे, आणि ही गोष्ट तिने मला पोहे निवडता निवडता, तोंडात पोहे असताना सांगितली. माझ्याहून दीड वर्षाने धाकटी. मॅट्रिकला दोनदा नापास. तरी चालली आहे. गळा दुपारपर्यंत स्थगित ठेवला. दुपारी मी वाचत असताना तिने माझी वेणी दाराच्या कडीला बांधली व आईला सांगितले, पंडितीण घरीच राहणार, मी बंदोबस्त केला आहे.

तिच्या जाण्याचे मला काहीही वाटत नाही. आईला मात्र फार लागेल. म्हणून केवळ आईकरिता तिला थांबवणे हे माझे कर्तव्य ठरते.

बुधवार, ६ जानेवारी

उपाय सापडला. वाचनालयातील कोशात मॅन्डोलिन या वाद्याचे चित्र असून त्याखाली दीड पान मजकूर आहे. चार जोड्या, आठ तारा. रेडिओवर मॅन्डोलिन लागले की मिरियम हातातले लाटणे खाली ठेवते. एरवी ते माझ्या दिशेने येते.

योजना: वाद्य करवून घेणे. सात आठवड्यांत शिकणे. ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी निरोपाच्या मलिद्याचा विधी होईल. प्रार्थना संपून गोड पोह्यांची ताटे फिरू लागली की वाजवणे. ती ऐकेल, रडेल, ट्रंक उघडेल आणि कपडे परत फळीवर लावील.

मॅट्रिकला शाळेत पहिली आल्याबद्दल बाबांनी मला घड्याळ कबूल केले होते. त्याऐवजी मॅन्डोलिन मिळावे, अशी चिठ्ठी त्यांच्या चपलेत ठेवली. मंजूर.

शुक्रवार, ८ जानेवारी

आम्ही दोघी एलिजाकाकांच्या कारखान्यात गेलो. काका व्हायोलिने बनवतात. उरणपासून पेणपर्यंतच्या नाटकमंडळ्या त्यांच्याकडे येतात आणि त्यांच्या रागाला भिऊन पायरीवरच बसतात. मॅन्डोलिन त्यांनी आजवर बनवलेले नाही. मी कोशातून उतरवून घेतलेले चित्र त्यांना पाहू दिले. म्हणाले, व्हायोलिनला पडदे नसतात, हिला आहेत; बरे, बघू; वाजवणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर मी मनात तीन वाक्यांत सिद्ध केले होते. मिरियमने बोटाने माझ्याकडे दाखवले.

काका म्हणाले, डावा हात या फळीवर ठेव बाय, बोटे पसर. पेन्सिलीने कड काढून घेतो. वाद्याची मान हाताप्रमाणे होते, कोशाप्रमाणे नाही. माझा हात पदराखाली होता आणि तेथे त्याला काम होते. चुलीवर सरस उकळत होता. शेवटी मिरियम म्हणाली, काका, ही हात बाहेर काढीपर्यंत तुमचा सरस आटून जाईल. माझा घ्या, बहिणीच आहोत. आणि तिने पंजा असा आपटला की फळीवरचे खिळे उडाले.

मी हरकत घेतली नाही. बहिणींच्या हातांत फार तर एका सुताचा फरक असावयाचा, असे वाटेत मिरियमलाही सांगितले. आठ सुतांचा इंच होतो, हे लक्षात घेता चिंतेचे कारण नाही. तरीही उद्या काकांना स्वच्छ सांगेन.

मंगळवार, १२ जानेवारी

मिरियमच्या पासपोर्टच्या अर्जावर शाई सांडली. हेतुपुरस्सर नव्हे. दौत मी फक्त नेम धरून ठेवली होती.

तिने थोबाडीत दिली. मी तिच्या दंडाला चावले. आईने दोघींनाही उलथन्याने समान न्याय दिला. नंतर आरशासमोर उभी राहून गालावर उमटलेली बोटे फूटपट्टीने मोजली. तिचे मधले बोट: साडेतीन इंच. माझे: तीन इंचांना एक सूत कमी. गालाला आलेली सूज वजा जाता फरक नगण्य आहे.

काकांकडे जाणे झाले नाही. गाल दाखवण्याजोगा नव्हता.

रविवार, २४ जानेवारी

प्रगती समाधानकारक. फूटपट्टीवर आठ तारा आखून तिच्यावर रोज एक तास सराव करते. आवाज येत नाही, एवढीच उणीव. मिरियम म्हणाली, अगदी तुझ्यासारखीच वाजते आहे. मी फूटपट्टी तिच्या पाठीवर मोडली. नवी आखावी लागेल.

कारखान्यापर्यंत तीनदा जाऊन आले. पायरी चढण्याच्या बेतात असतानाच दर वेळी आतून हातोडीचा आवाज आला. कामात असलेल्या माणसास व्यत्यय आणणे असभ्यपणाचे आहे.

रविवार, ३१ जानेवारी

भयंकर दिवस. पहिले मॅन्डोलिन तयार झाल्याचा निरोप आला म्हणून दोघी गेलो. काकांनी एक तार छेडली, कान लावला, पुन्हा छेडली. मग वाद्य मानेला धरून उचलले आणि पायरीच्या दगडावर आपटले. एकदा नव्हे, चार वेळा. फणसाच्या लाकडाची एक ढलपी माझ्या केसांत बसली. काका घाम पुसत म्हणाले, बोलत नाही. जे बोलत नाही ते मी ठेवत नाही.

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिले, ते कळले नाही. माप चुकले आहे हे सांगावयास हीच वेळ योग्य होती, हे खरे. परंतु त्यांच्या हातात अद्याप मान होती.

दुसरे सव्वीस फेब्रुवारीला देणार आहेत. शिकण्यास एक दिवस उरतो. बुद्धिमान व्यक्तीस पुरेसा आहे.

मंगळवार, २ फेब्रुवारी

निर्णय: जे तोंडी होत नाही ते लेखी करावे. काकांना पाच पानी पत्र लिहिले. जाड कागद, काळी शाई. त्यात मापाचा सविस्तर खुलासा केला. वाद्याचा हेतू कळल्याखेरीज कारागिराचे मन लागत नाही, म्हणून चौथ्या पानावर हेतूही लिहिला. ती गेली तर दुकानात, टपालात, दवाखान्यात माझ्या वतीने कोण बोलणार, मुंबईच्या कॉलेजात मी गेले नाही ते ती बरोबर येणार नव्हती म्हणूनच, इत्यादी. हा मजकूर शैलीच्या ओघात आला. वस्तुस्थिती तशी नाही. वसतिगृहातील हवा मला मानवली नसती.

पत्र कारखान्याच्या दाराखालून सरकवले व धावत घरी आले.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

उत्तर नाही. अर्थात काकांनी माप सुधारले असणार. सुज्ञ माणसे अशा बाबतीत बोलत नाहीत.

मिरियम ट्रंक भरते आहे. माझी निळी साडी तिच्या ट्रंकेत सापडली. मी ओढली, तिने ओढली. आता दोघींना अर्धी अर्धी आहे. तिचा खून केल्यास ती जाऊ शकणार नाही, हा विचार शास्त्रशुद्ध असला तरी आईला आवडणार नाही.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी, सायंकाळी ५

दुपारी तीनला मॅन्डोलिन आले. तेजस्वी, तांबूस, वासाला सरसाचे. एलिजाकाका स्वतः घेऊन आले. त्यांचा चष्मा महिनाभरापूर्वी त्यांच्याच हातोडीखाली गेला, त्यामुळे सारे काम बोटांनी चाचपून केले म्हणाले. तरी पत्र कोणाकडून वाचवून घेतले असेलच.

मान जाड आहे. पडदे दूर दूर आहेत. माझे पहिले बोट जागेवर ठेवले की चौथे हवेत राहते.

आता शब्बाथ लागेल. उद्या दिवस मावळेपर्यंत वाद्याला हात लावता येणार नाही. म्हणजे सात आठवड्यांपैकी सरावास एकूण दोन तास मिळाले. तरी आत्मविश्वास अढळ आहे. बोटे ताणतात, असे कोशात नाही, पण असले पाहिजे.

रविवार, २८ फेब्रुवारी, पहाटे

क्रमाने लिहिते.

काल संध्याकाळी मलिदा झाला. प्रार्थना झाली, ताटे फिरली. मी मॅन्डोलिन घेऊन आतून बाहेर आले आणि बावीस माणसे पाहून भिंतीकडे तोंड करून बसले. छेडले. जो आवाज निघाला त्याला मावशीने मांजर समजून हाकलले. पुन्हा छेडले. बोट पोचले नाही. तिसऱ्यांदाही नाही.

मिरियम उठून आली. म्हणाली, आण इकडे पंडितीण, तुझी बोटे म्हणजे भेंडीची पिल्ले. तिने मान धरली आणि तिचा हात त्या लाकडावर असा बसला, जशी कुलपात किल्ली. तिला काही वाजवता येत नाही. तिने नुसती एक तार छेडली आणि मावशीने हातातले ताट खाली ठेवले. ती हसली.

ते हसणे मी सहन करणार नव्हते. वाद्य हिसकावले आणि तिच्या कपाळावर घातले.

रक्त डाव्या भुवईवरून आले. पोह्यांवरही पडले. आई किंचाळली नाही, ताट बाजूला सरकवले. मॅन्डोलिनला कडेने लांब चीर गेली होती. मिरियमने ते उचलले, चिरेतून आत पाहिले आणि पाहतच राहिली. सांधा धरण्यासाठी काकांनी आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. जाड कागद, काळी शाई. काका शेजारीच होते. म्हणाले, दाराखाली कोणीतरी टाकला होता, छान जाड होता, फुकट कशाला घालवायचा.

मिरियमने मोठ्याने वाचले नाही. ओठ हलत होते. पट्टीवर एवढेच होते: मिरियमने जाऊ नये एवढ्याचसाठी हे. पुढचे सरसाखाली गेले होते.

मग ती म्हणाली, रुमाल दे. मी दिला.

तीन टाके पडले. ती आता बाहेर टॅक्सीत ट्रंक चढवते आहे.

रविवार, २८ फेब्रुवारी, सकाळी

गेली. कपाळाला पट्टी बांधून गेली. पासपोर्टवरील फोटोशी चेहरा जुळणार नाही आणि परत पाठवतील, अशी मला अजून आशा आहे.

टॅक्सीत बसण्यापूर्वी तिने माझा डावा हात पदराखालून ओढून काढला आणि आपला त्यावर ठेवला. म्हणाली, एक सूत कसले, चांगला अर्धा इंच आहे. मग करंगळी जोरात पिरगाळली. अद्याप दुखते आहे.

बुधवार, १० मार्च

तिला परत पाठवलेले नाही. पोचल्याची तार आली.

करंगळीची सूज काल उतरली. मी करंगळीवर पुन्हा काही आघात करून घेण्याच्या विचारात आहे.

दुपारी एलिजाकाका नवा चष्मा लावून, हत्यारांची पिशवी घेऊन आले. आई शेजारी गेली होती, बाबा कचेरीत. दार मलाच उघडावे लागले. त्यांनी चीर सरसाने बुजवली, इतकी सफाईने की बोटालाही लागत नाही. मग म्हणाले, त्या दिवशी ऐकले मी, माप त्या दुसरीलाच बसते, तुला नाही. माझीच चूक, बाय. हात मागायचा तर दोनदा मागायला हवा होता. त्यांनी मॅन्डोलिन मांडीवर आडवे घेतले, कानस काढली आणि मानेला लावली. म्हणाले, घटकाभराचे काम आहे. मान घासून बारीक, तुझ्या हाताची करून देतो.

घरात माझ्या वतीने बोलणारे कोणीही नव्हते.

मी म्हणाले, नको.

काका चष्म्यावरून पाहू लागले. म्हणाले, अगं, तुला आवाज आहे की. नको तर मग वाजवणार कशी?

या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना उद्या लेखी देणार आहे.